डिजिटल प्रमाणपत्र : आधी पडताळणी, मगच स्वीकार

टिटवाळा व वासिंद स्थानकांच्या दरम्यान वसलेल्या खडवलीतील खातेदारासही आता डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा घरबसल्या मिळतो. मात्र संगणकावर उतारा उघडताच स्वाक्षरीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसू शकते. उतारा खोटा आहे असा त्याचा अर्थ नव्हे. स्वाक्षरीमागील प्रमाणपत्रावर विश्वास ठेवावा की नाही, हे आपल्या संगणकास अद्याप ठाऊक नसते, एवढेच ते चिन्ह सांगते.

विश्वासाचे मूळ

विवाहसंस्कारापूर्वी धर्मगुरू स्नानसंस्काराचा नव्याने काढलेला दाखला मागतात. कारण दृढीकरण व विवाह यांच्या नोंदी मूळ नोंदवहीत होत असतात (कॅनन 535). जुन्या कागदावर त्या दिसत नाहीत. डिजिटल प्रमाणपत्राचेही असेच आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 अन्वये नेमलेले प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक परवानाधारक संस्थांना मान्यता देतात आणि त्या संस्था व्यक्तींना प्रमाणपत्रे देतात. या साखळीच्या शिरोभागी ‘सीसीए इंडिया’ हे मूळ प्रमाणपत्र असते.

पडताळणीचा क्रम

1. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये स्वाक्षरीचे गुणधर्म उघडावेत. स्वाक्षरीनंतर मजकुरात बदल झालेला नाही, याची खात्री करावी.
2. प्रमाणपत्राची साखळी पाहावी. स्वाक्षरीच्या दिवशी प्रमाणपत्राची मुदत शिल्लक होती का, ते तपासावे.
3. नियंत्रकांच्या अधिकृत संकेतस्थळावरून मूळ प्रमाणपत्र उतरवून घ्यावे. त्याची अंगुलिमुद्रा, म्हणजे अंक व अक्षरांची ओळखमालिका, साखळीतील मूळ प्रमाणपत्राशी तंतोतंत जुळवावी.
4. जुळल्यासच ते विश्वासार्ह यादीत समाविष्ट करावे व स्वाक्षरी पुन्हा तपासावी.

कार्यालयातील राउटर

धर्मग्राम कार्यालयातील राउटर किंवा कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचे पान उघडतानाही असाच इशारा येतो, कारण ही उपकरणे बहुधा स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देतात. उपकरण थेट तारेने जोडून त्याची अंगुलिमुद्रा लिहून घ्यावी, पडद्यावरील मुद्रेशी ताडून पाहावी आणि केवळ त्याच संगणकात प्रमाणपत्र समाविष्ट करावे. ईमेल वा भ्रमणध्वनीवरील संदेशातून आलेले प्रमाणपत्र कदापि स्वीकारू नये. खोटे मूळ प्रमाणपत्र एकदा आत आले की बँकेच्या बनावट पानालाही संगणक खरे मानू लागतो.

मान्यताही रद्द होते

जुलै 2014 मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे उघड झाले. नियंत्रकांनी त्या केंद्राची मध्यस्थ प्रमाणपत्रे तातडीने रद्द केली. मायक्रोसॉफ्टच्या यादीत भारतीय मूळ प्रमाणपत्र असल्यामुळे विंडोजवरील वापरकर्त्यांना धोका संभवत होता. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र असल्याने त्यास तो नव्हता. म्हणून संगणकाची अद्यतने कधीही थांबवू नयेत.

धर्मग्रामातील युवकांनी ज्येष्ठांना या कामी अवश्य साहाय्य करावे. मात्र इशारा बाजूला सारून पुढे जाण्याची सवय त्यांना लावू नये.