किल्ल्यातले बारा जणांचे बिऱ्हाड

नगरच्या भुईकोट किल्ल्याचे नाव निघाले की आमच्याकडे दोनच गोष्टी सांगतात. चांदबिबीने तो लढवला आणि पंडित नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. दोन्ही खऱ्या. पण 1942 च्या ऑगस्टपासून अडीच वर्षांहून जास्त काळ तिथे बारा माणसांचे बिऱ्हाड होते, आणि बिऱ्हाड म्हटले की आधी ताटवाटी लागते, ग्रंथ मागून येतो. मी भिंगारचा, जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला. तहाची कलमे पोरांच्या डोक्यात राहत नसत. या ताटांची गोष्ट मात्र एकही पोर विसरत नसे.

9 ऑगस्टच्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. गांधीजींना गाडीतून चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेले आणि काँग्रेस कार्यकारिणीचे लोक पुढे नगरला आणले. मौलाना आझाद अध्यक्ष. त्यांच्याबरोबर नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, कृपलानी, नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. एवढे मोठे लोक येणार म्हणून सरकारने बंदोबस्त चोख ठेवला, पण जेवणाची भांडी कोणाच्या ध्यानात आली नसावीत. पहिल्या रात्री जेवण लोखंडी ताटल्यांत आले. आझादांनी जेलरला सांगितले की आम्हाला चिनी मातीच्या ताटात जेवायची सवय आहे. जेलरने माफी मागितली. आज रात्री सोय होणार नाही, उद्या आणतो म्हणाला. साऱ्या देशात आगडोंब उसळलेला आणि नगरच्या किल्ल्यात ताटांची खरेदी चाललेली! काहींना हे हसण्यासारखे वाटते. मला वाटत नाही. ज्याला कैदेत किती वर्षे काढायची तेच ठाऊक नाही, त्याने पहिल्याच रात्री पायरी ठरवून टाकली.

स्वयंपाकाचे मात्र जमले नाही. पुण्याहून एक कैदी आचारी म्हणून आणला. त्याचा हात यांच्या जिभेला रुचेना, म्हणून तो बदलला. दुसराही त्याच माळेचा मणी. बारा जणांत काश्मिरी घराण्यातले नेहरू, गुजरातचे पटेल, कुमाऊँचे पंत, आंध्रचे पट्टाभि, ओडिशाचे महताब. एवढ्या चवी एका चुलीवर कोणता आचारी सांभाळणार?

या संसाराची खरी बखर नेहरूंनी नाही, आझादांनी लिहिली. ‘गुबार-ए-खातिर’ हे त्यांच्या पत्रांचे पुस्तक, 1946 साली निघालेले. पत्रे नवाब सद्र यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राच्या नावाने आहेत, पण कैदेत असताना ती टपालात पडायची सोयच नव्हती. मुकुंदनगरचे माझे एक उर्दू शिक्षक मित्र मोठ्याने वाचत आणि अर्थ सांगत. माझी ओळख तेवढीच, पण पुरेशी.

आझाद पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत आणि स्वतःच्या हाताने चहा करीत. चहा चिनी, ‘व्हाइट जस्मिन’ नावाचा, बिनदुधाचा. दूध घातलेल्या चहाला ते चहा मानायलाच तयार नव्हते. त्यांच्या लेखी तो पातळ हलवा. ही खोड इंग्रजांनी लावली असा त्यांचा दावा. (अर्धा दूध, अर्धा चहा पिणाऱ्या आम्हा नगरकरांबद्दल ते काय म्हणाले असते, देव जाणे.) नेहरूंचा चहा कडक, क्वचित दुधाशिवायही, पण चहाच्या जातीपातीत त्यांना रस नव्हता. आझादांनी याची मित्रभावाने टर उडवली आहे. साखरेचीही तीच तऱ्हा. आझादांना ती निर्मळ पांढरी हवी, नेहरूंना गूळही आवडे. आझादांनी गूळ खाऊन बघितला, जमला नाही. आमच्या जिल्ह्यात तेव्हा हरिगावला बेलापूर कंपनीचा आणि टिळकनगरला डहाणूकरांचा साखर कारखाना चालू होता. त्याच जिल्ह्यात हा माणूस मनासारख्या साखरेसाठी झुरत होता!

बाजारहाट सगळी सुपरिंटेंडेंटमार्फत. मेजर सेंडक हे त्याचे नाव. आझादांनी त्याला चांदबिबीच्या काळातल्या चिता खान हबशाचे नाव बहाल केले आणि ते असे चिकटले की सगळेच त्याला चिता खान म्हणू लागले. इतिहासाची जाण असली की टोपणनावेही चांगली सुचतात.

आणि बाग. चौकातली मोकळी जागा बघून फुलझाडे लावायचे ठरले, बी मागवले, नेहरू कुदळ घेऊन उभे राहिले. आमची जमीन ज्याने खणली आहे त्याला पुढचे सांगायला नको. वर वीतभर माती, खाली दगड. किल्ल्यात तर त्यात पडक्या इमारतींचा राडारोडा. नेहरूंनी लिहून ठेवले आहे की खणताना जुन्या भिंतींचे भाग आणि घुमटांचे माथे लागत. एका दारावर दगडात कोरलेले सुरेख कमळही सापडले. फार खोल जायची परवानगी नव्हती आणि हत्यारेही नव्हती. निजामशाहीच्या राजधानीत पुरातत्त्व खात्याआधी एका कैद्याने फुलांसाठी उत्खनन केले, असे मी वर्गात म्हणायचो. ‘डिस्कव्हरी’ची सुरुवातीची पाने या मातीवर, चंद्रावर आणि बागेवर आहेत, वेदांवर नाहीत.

उरलेला वेळ ज्याचा त्याने भरला. नेहरू बॅडमिंटन खेळत, पटेल सूत काढत आणि पत्त्यांत ब्रिज खेळत. सय्यद महमूद पाखरांना पावाचे तुकडे टाकत. आझादांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी मांडली. काड्या आणि कचरा अंगावर पडू लागला, तेव्हा मौलाना आधी लढाईला उभे राहिले, मग हरले, मग त्यांना दाणे टाकू लागले. अखेर चिमण्यांना नावेही पडली: मोती, कलंदर, मुल्ला.

पण हा निवांतपणा ओढूनताणून आणलेला होता. सुरुवातीला तर वृत्तपत्रही नव्हते. पुढे ते मिळू लागले आणि 1943 साली कलकत्त्याहून आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम यांच्या आजारपणाच्या तारा येऊ लागल्या. चिता खानने सुचवले की सरकारला काही कळवायचे असेल तर मी लगेच पाठवतो. आझादांनी इंग्रज सरकारपुढे हात पसरायला नकार दिला. पेपर येताना सुपरिंटेंडेंटच्या पायांचा आवाज ऐकून काळीज धडधडे, तरी चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून आपण कसे नाटक करीत होतो, हे त्यांनीच कबूल केले आहे. 9 एप्रिलला त्या गेल्या. पहाटेचा तो चहा मला यानंतर वेगळा वाटतो. शौक तर तो होताच. शिवाय तग धरायची एक रीत होती.

ग्रंथांची यादी थोडक्यात देतो, कारण ती इतरत्र मिळते. नेहरूंनी 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत आपला ग्रंथ लिहिला. नरेंद्र देवांनी ‘अभिधर्मकोश’ हिंदीत आणायचे काम केले, महताबांनी ओडिशाचा इतिहास लिहिला, पट्टाभींनी ‘फेदर्स अँड स्टोन्स’. महमूद 1944 मध्येच सुटले. 1945 च्या मार्च-एप्रिलमध्ये बाकीच्यांना वेगवेगळ्या ठिकाणी हलवले आणि बिऱ्हाड मोडले.

नगरला परके कैदी नवे नव्हते. बोअर युद्धातले बोअर आणि पहिल्या महायुद्धातले जर्मन इथे ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी हाइनरिख हारर हा गिर्यारोहकही इथल्या छावणीत होता. पुढे देहरादूनहून पळून तो तिबेटला पोचला.

किल्ला आजही लष्कराकडे आहे. सहल घेऊन येणाऱ्या शिक्षकांना माझे एवढेच सांगणे: नेहरूंची खोली जरूर दाखवा, पण पोरांना चौकातही न्या. लोखंडी ताटल्या, गूळ, चिमण्या आणि दगडाखालचे कमळ तिथे उभे राहून सांगा. परीक्षेत हे विचारणार नाहीत, तरीही सांगा.