प्याद्याची फळी

बुद्धिबळातले ‘प्यादे’ फारसीतून आले; तिथे ‘पियादा’ म्हणजे पायी चालणारा. त्यातला ‘पा’ आणि आपला ‘पाद’ एकाच आदिम धातूचे. बुद्धिबळाचे जुने रूप असलेला चतुरंग इराणात पोहोचला तेव्हा संस्कृत ‘पदाति’ (पायदळी शिपाई) हा शब्द तसाच न उचलता त्याला घरचाच प्रतिशब्द दिला गेला असावा. अरबीत ‘प’ नाही, म्हणून तिथे ‘बैदक’ झाले. युरोपने पुन्हा आपापला पाय शोधला: लॅटिन ‘पेस’, त्यावरून स्पॅनिश ‘पेऑन’ आणि फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘पॉन’. इकडे व्याकरणकार हेमचंद्राने ‘पदाति’चे प्राकृत रूप ‘पाइक्क’ नोंदवले आहे; आपला ‘पाईक’ तिथलाच. विठ्ठलाचा पाईक आणि पटावरचे प्यादे, दोघांचे कूळ एकच!

मला अधिक खुणावते ती ‘फळी’. मूळ ‘फलक’. लाकडी फळी ते सैन्याची फळी हा अर्थविस्तार सरळ वाटतो. पण अमरकोशात ‘फलक’ ढालीलाही म्हटले आहे. मग शेजारी शेजारी धरलेल्या ढालींवरून तर सैन्याची रांग ‘फळी’ झाली नसेल? दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले असावेत, असे दिसते.

बुद्धिबळाच्या ‘फ्रेंच बचाव’ या सुरुवातीत ही फळी डोळ्यांपुढे उभी राहते. पांढऱ्याने ई४, डी४ करून तिसऱ्या खेळीत ई५ रेटले की त्याची डी४-ई५ अशी तिरपी साखळी तयार होते. (‘साखळी’ ही ‘शृंखले’ची लेक.) काळा लगेच सी५ करून डी४ला, म्हणजे बुडाला, भिडतो. मग घोडा सी६वर, वजीर बी६वर. सगळा भार त्या एकाच प्याद्यावर. बुद्धिबळपटू निम्झोविचने 1925च्या ‘माय सिस्टिम’मध्ये साखळीच्या बुडावर हल्ला करण्याचाच आग्रह धरला. एफ६ करून शेंड्यावर घाव घालणे हा दुसरा मार्ग. पण किल्लेकोटाआधी घाई केली, तर एच५ ते ई८ हा कर्ण उघडा पडतो आणि पांढरा वजीर तिथून शह देऊ शकतो.

प्यादे पुढे रेटून साखळीवर असा घाव घालण्याला खेळाडू ‘प्याद्याचा ब्रेक’ म्हणतात. शत्रूची ‘फळी फोडणे’ हा प्रयोग मराठीत आधीच रुळलेला आहे. त्यात युद्ध आहे, रांग आहे, तिच्यातली फटही आहे. समालोचकांनी तोच वापरावा.