उरलंसुरलं ठेवायचं फडताळ

अमेरिकेत गरजूंना फुकट किराणा देणाऱ्या फूड पॅन्ट्रीत नवा स्वयंसेवक आला की त्याला बहुधा डबे निवडायला उभं करतात. राजम्याचा, मक्याचा, टोमॅटोचा डबा हातात घ्यायचा आणि गोल फिरवून बघायचा. मधल्या भागाला साधा पोचा असेल तर चालतो. पोचा काठावर किंवा सांध्यावर असेल, झाकण फुगलं असेल, गंज खोल गेला असेल, तर डबा बाद. तारीख उलटलेला डबा मात्र सरसकट फेकत नाहीत. त्यावरची ‘बेस्ट बाय’ची तारीख चवीबद्दल बोलते, डबाबंद माल त्यानंतरही बरेच दिवस खाता येतो. हे काम करणाऱ्यांत निवृत्त शिक्षिका असतात, शाळकरी मुलं असतात, आयटीतली माणसं असतात. पगार कुणालाच नाही. जागा पुष्कळदा चर्चच्या तळघरातली, आणि दार उघडायच्या आधीपासून बाहेर रांग.

ही व्यवस्था आली कुठून, असं विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: फिनिक्स, १९६७. उत्तर चुकीचं नाही, अपुरं आहे.

अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ गरिबांच्या एका जेवणघरात विनावेतन राबत असत. त्या भागात संत्र्या-लिंबांची झाडं भरपूर, आणि बरीच फळं झाडाखालीच सडत. मालकांना विचारून त्यांनी ती गोळा करायला सुरुवात केली. फळं इतकी जमली की जेवणघराला संपवता येईनात. पुढे त्यांना एक बाई भेटली. दहा मुलं, नवरा तुरुंगात. किराणा दुकानामागच्या कचऱ्याच्या पेट्यांतून ती मुलांसाठी अन्न काढायची. चांगला माल फेकतात, असं तिनं सांगितलं. बँकेत पैसे ठेवतात तसं हे अन्न ठेवायची आणि लागेल तसं काढायची सोय हवी, असंही म्हणाली. व्हॅन हेंगेल ही हकीकत पुढे आयुष्यभर सांगत राहिले. फूड बँकेच्या कल्पनेचं श्रेय ते त्या बाईला देत. तिचं नाव मात्र इतिहासात राहिलेलं नाही, हेही नेहमीसारखंच. तशी सोय करायला तिथल्या सेंट मेरीज चर्चनं एक पडीक इमारत आणि ३,००० डॉलर दिले. पहिल्या वर्षात सुमारे अडीच लाख पौंड अन्न ३६ संस्थांकडे गेलं. रचना अजूनही तीच आहे. मोठं गोदाम म्हणजे फूड बँक. तिच्याकडून माल नेऊन घराघरांत देणारी वस्तीतली लहान जागा म्हणजे पॅन्ट्री.

पण झाडाखालची संत्री वेचणं हे काम फार जुनं आहे. आपल्याकडे पीक काढल्यावर शेतात राहिलेली कणसं, शेंगा वेचायला बायका जातात, त्याला सरवा म्हणतात. बायबलच्या जुन्या करारात तर शेतकऱ्याला आज्ञाच आहे: शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नकोस, खाली पडलेलं उचलू नकोस, ते गरिबाचं आणि परक्याचं. परदेशातून आलेली विधवा रूथ असाच सरवा वेचून सासूला जगवते. इंग्लंडमधल्या कित्येक गावांत सरवा सुरू करायची वेळ कळावी म्हणून चर्चची घंटा वाजवत. वेचणारी बाई कुणाच्या दारात हात पसरत नसे. तिचं तिथं असणं रीतीला धरूनच होतं.

१७८८ साली या रीतीला कोर्टात धक्का बसला. सफक परगण्यातल्या टिमवर्थ गावी मेरी हॉटन या बाईनं स्टील नावाच्या जमीनमालकाच्या शेतात सरवा वेचला आणि खटला झाला. न्यायाधीशांनी बहुमतानं ठरवलं की इंग्लंडच्या ‘कॉमन लॉ’नुसार असा हक्क कुणालाही नाही. मालक वेचू देत असेल तर ती त्याची मर्जी. निकालानंतरही खेडोपाडी बायका वेचत राहिल्या, पण आता त्या दुसऱ्याच्या मर्जीनं वेचत होत्या. माझ्या मते फूड पॅन्ट्रीची खरी जन्मपत्रिका इथून मांडायला हवी. उरलेलं अन्न गरिबाचं, ही समजूत इथं मोडली आणि ते दिल्याबद्दल देणाऱ्याचं कौतुक करायची सोय झाली.

न्यूयॉर्कमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लुई फ्लाइशमन या बेकरीवाल्यानं दिवसाचा उरलेला पाव रात्री वाटायला सुरुवात केली. भुकेल्यांच्या त्या रांगा शहरात प्रसिद्ध झाल्या. पुढे महामंदीत अशा रांगा देशभर लागल्या, आणि तेव्हाच एक विचित्र प्रकार घडला. शेतमालाचे भाव सावरावेत म्हणून १९३३ मध्ये सरकारनं साठेक लाख डुकराची पिल्लं विकत घेऊन मारली. माणसं उपाशी असताना हे काय चाललंय, म्हणून ओरड झाली. त्याच वर्षी जादा शेतमाल गरिबांकडे वळवायला सरकारी महामंडळ निघालं. १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात पहिले फूड स्टँप आले. एक डॉलरचे नारिंगी स्टँप घेतले की पन्नास सेंटचे निळे फुकट. नारिंगीवर हवा तो किराणा घ्या. निळ्यावर मात्र सरकारनं ‘जादा’ ठरवलेलाच माल, म्हणजे अंडी, लोणी, घेवडा असा. मदतीचा रंगसुद्धा कोठारात काय साठलंय त्यावरून ठरत होता. आपल्याकडच्या वाचकाला हे परकं वाटू नये. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेला तो लाल मिलो, ज्याच्या भाकरीला जुनी माणसं अजून नाकं मुरडतात, तोही अमेरिकेतूनच आला होता.

आणि मग चीज. दुधाचे भाव पडू नयेत म्हणून अमेरिकी सरकार वर्षानुवर्षं चीज विकत घेत होतं. त्यातलं पुष्कळसं मिझुरीतल्या चुनखडीच्या खाणींत, थंड गुहांमध्ये रचलेलं होतं. रेगन सरकारनं फूड स्टँपच्या खर्चाला कात्री लावली, आणि डिसेंबर १९८१ मध्ये तीन कोटी पौंड चीज गरिबांना वाटायचा हुकूम निघाला. पाच-पाच पौंडांच्या पिवळ्या विटा होत्या त्या. वाटायच्या कुणी? सरकारकडे तेवढे हात नव्हते. चर्चची तळघरं आणि स्वयंसेवक पुढे आले, वस्त्यावस्त्यांत पॅन्ट्र्या वाढल्या. १९८३ मध्ये या वाटपाला ‘टेम्पररी इमर्जन्सी फूड असिस्टन्स प्रोग्रॅम’ असं नाव मिळालं, म्हणजे तात्पुरती, तातडीची मदत. १९९० मध्ये नावातला ‘टेम्पररी’ काढून तिथं ‘द’ घातला. इंग्रजी आद्याक्षरं तीच राहिली, त्यामुळे कागदपत्रं बदलायची तसदीही फारशी पडली नसावी.

कंपन्यांचाही हिशेब होताच. १९७६ च्या करकायद्यानं गरजूंसाठी माल दान केल्यास वाढीव सवलत दिली. १९९६ मध्ये बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्यानं सद्भावनेनं अन्न देणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण मिळालं. माल फेकण्यापेक्षा देणं सोयीचं झालं. म्हणून पॅन्ट्रीच्या फळीवर कधी नको इतकी गोड बिस्किटं येतात आणि अंडी महिनोन् महिने दिसत नाहीत.

पॅन्ट्रीतल्या माणसांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या फूड बँकेचे जॉन आर्नल्ड यांनी आधीच भरलेल्या पिशव्या देण्याच्या पद्धतीला विरोध केला. मधुमेह असलेल्याला साखरेचे डबे आणि चूल नसलेल्याला कोरडा घेवडा देऊन काय उपयोग? लोकांना फळ्यांसमोर उभं राहून स्वतः निवडू द्या, असा त्यांचा आग्रह. आज अनेक पॅन्ट्र्यांत दुकानासारख्या फळ्या आणि ढकलगाड्या असतात. मला या सगळ्या इतिहासात ही सुधारणा सगळ्यात मोलाची वाटते, कारण ती पुरवठ्याकडून न बघता ताटाकडून बघते.

व्हॅन हेंगेल यांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या ‘सेकंड हार्वेस्ट’ या देशव्यापी जाळ्याचं नाव २००८ पासून ‘फीडिंग अमेरिका’ आहे. त्यात २०० च्या आसपास फूड बँका आहेत. हीच संस्था सांगते की फूड बँका एक जेवण पुरवतात तेव्हा सरकारी अन्नसाहाय्य, म्हणजे जुन्या फूड स्टँपचा आजचा अवतार ‘स्नॅप’, नऊ पुरवतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी कामकाज ठप्प झालं आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे ४ कोटी २० लाख लोकांचं स्नॅप अडकलं. पॅन्ट्र्यांसमोरच्या रांगा वाढल्या. तळघरांतल्या फळ्यांना त्या आठवड्यांत त्या नऊ जेवणांचीही भरपाई करायला सांगितलं जात होतं.