हिमालयाची वाट आणि घरची चूल

ज्येष्ठ महिना सरत आला की तुकोबारायांची पालखी देहूहून निघते आणि आपल्या निगडीवरून आकुर्डीच्या मुक्कामाला जाते. आपण रस्त्याच्या कडेला उभ्या राहून दर्शन घेतो, वारकऱ्यांना पाणी देतो, आणि पालखी दिसेनाशी झाली की घरी येऊन कणीक मळायला घेतो. अलीकडे आपल्या भागातून चारधामच्या बसगाड्याही जातात. जाऊन आलेल्या बाईला सगळ्याजणी गोळा होऊन विचारतात, थंडी किती होती, दर्शन कसे झाले. मग एखादी हळूच विचारते, "तिथे कुणी खरा साधू भेटला का हो?"

हा प्रश्न फार जुना आहे. गुरू शोधायचा, मनाला शांती मिळवायची, तर हिमालयात जायचे, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. या समजुतीने घर सोडून निघालेल्या दोन मराठी माणसांची हकिगत मी येथे सांगणार आहे. एक काकासाहेब कालेलकर आणि दुसरे विनोबा भावे. दोघांची नावे आपण शाळेत ऐकलेली आहेत. पण ते कशासाठी निघाले, त्यांना काय सापडले, आणि ते निघाले तेव्हा घरी कोण राहिले, हे एकत्र ठेवून आपण सहसा पाहत नाही.

आधी त्या वाटेविषयी थोडे सांगते. आज केदारनाथला लोक हेलिकॉप्टरनेही जातात. शंभर वर्षांपूर्वी आगगाडी हरिद्वारपर्यंत, फार तर डेहराडूनपर्यंत नेई. पुढे सारे पायी. वाटेत दर काही मैलांवर 'चट्टी' म्हणजे यात्रेकरूंच्या उतरण्याची जागा असे. तेथे दुकानदाराकडून पीठ-डाळ विकत घ्यायची आणि आपल्या हाताने रांधून खायचे. ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांच्यासाठी ऋषिकेशच्या बाबा काली कमलीवाल्यांनी सुरू केलेली सदावर्ते होती. त्याही आधी, अठराव्या शतकात, आपल्या अहिल्याबाई होळकरांनी बदरी-केदारच्या वाटेवर धर्मशाळा बांधल्या होत्या. केदारनाथ साडेअकरा हजार फुटांहून उंच. तेथे थंडीने काकडत पोहोचलेल्या यात्रेकरूच्या डोक्यावर छप्पर असावे, ही काळजी नर्मदाकाठी महेश्वरला बसलेल्या एका बाईने वाहिली. साधूंच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात, पण साधू ज्या छपराखाली निजले ते कुणी बांधले हेही सांगायला हवे.

आता काकासाहेबांकडे वळू. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १८८५ साली साताऱ्यास झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन ते १९०७ साली बी. ए. झाले. ते दिवस वंगभंगाच्या चळवळीचे. सरकारी नोकरी न करता त्यांनी 'राष्ट्रमत' या दैनिकात काम केले आणि पुढे बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक झाले. ही राष्ट्रीय शाळा. तेथे शिक्षकांना घरच्यासारखी नावे देत. कुणी मामा, कुणी अण्णा, तसे हे काका झाले आणि जन्मभर काकाच राहिले. १९१२ साली इंग्रज सरकारच्या दडपणामुळे ही शाळा बंद पडली. हातातले काम गेले आणि तरुण काकासाहेब हिमालयाच्या वाटेला लागले.

त्यांच्या मनात दोन ओढी होत्या. एक मोक्षाची आणि दुसरी देशाच्या स्वातंत्र्याची. बरोबर अनंतबुवा मर्ढेकर आणि स्वामी आनंद होते. स्वामी आनंद गुजराथचे. लहानपणीच साधूंच्या मागे घर सोडून गेलेला हा मनुष्य. कधी तिघे, कधी दोघे असे हे लोक पायी हिंडले. अलमोड्याच्या बाजूचे पहाड पाहिले, यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बदरी केले. नद्या, देवदारांची बने, बर्फाची शिखरे, चट्टीवरचे यात्रेकरू, खरे साधू आणि सोंगाडे साधू, सारे काही त्यांनी डोळे भरून पाहिले. पुढे हे सगळे त्यांनी गुजराथीत लिहून काढले. 'हिमालयनो प्रवास' हे ते पुस्तक १९२४ साली प्रसिद्ध झाले, नंतर मराठीतही आले. मराठी माणसाने लिहिलेले हे पुस्तक गुजराथी साहित्यात मानाने वाचले जाते. गांधीजी काकासाहेबांना 'सवाई गुजराथी' म्हणत.

पण काकासाहेब हिमालयात राहिले नाहीत. देश पारतंत्र्यात असताना एकट्याचा मोक्ष त्यांच्या मनाला पुरेना. ते खाली उतरले आणि रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनात शिकवू लागले. तेथे १९१५ साली त्यांना गांधीजी भेटले. जो गुरू पहाडात शोधला तो असा मैदानात भेटला. पुढे ते साबरमती आश्रमात गेले आणि जन्मभर शिक्षणाचे व लोकसेवेचे काम करीत राहिले. १९८१ साली ते वारले.

विनोबांची गोष्ट याच्या जवळचीच आहे. १८९५ साली कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, गागोदे गावी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्यास आले. म्हणजे ज्या गावातून काकासाहेब निघाले त्याच गावातून काही वर्षांनी विनोबाही निघाले. त्यांच्याही मनात दोन गावे होती. शांतीसाठी हिमालय आणि क्रांतीसाठी बंगाल.

निघण्याआधी एक दिवस ते स्वयंपाकघरात चुलीपुढे बसले आणि आपली शाळेची प्रशस्तिपत्रके एकेक करून चुलीत घातली. आईने विचारले तेव्हा, मला ही कधीच लागणार नाहीत, अशा अर्थाचे उत्तर दिले. मग २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेला म्हणून ते मुंबईच्या गाडीत बसले, पण सुरतेला उतरून त्यांनी काशीची गाडी धरली. दुसरीकडे कुठे तरी जात आहे, एवढेच वडिलांना पत्राने कळवले.

काशी ही हिमालय आणि बंगाल या दोन्ही वाटांवरची. तेथे ते दुपारी अन्नछत्रात जेवत. दक्षिणा म्हणून दोन पैसे मिळत, त्यांतून दही आणि रताळी घेऊन रात्रीची वेळ भागवीत. दिवसभर संस्कृत ग्रंथ वाचीत. त्या आधी फेब्रुवारीत काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींचे मोठे खळबळजनक भाषण झाले होते. राजेमहाराजांच्या देखत त्यांच्या दागिन्यांविषयी ते बोलले होते. ते भाषण विनोबांनी वाचले, गांधीजींना पत्र लिहून शंका विचारल्या, उत्तर आले, पुन्हा विचारल्या. शेवटी, पत्राने हे प्रश्न सुटणार नाहीत, आश्रमात या, असे बोलावणे आले.

७ जून १९१६ रोजी विनोबा अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात पोहोचले. तेव्हा गांधीजी भाजी चिरीत बसले होते. एवढा मोठा पुढारी भाजी चिरतो, हे विनोबांनी कधी ऐकलेही नव्हते. गांधीजींनी त्यांच्याही हातात एक सुरी दिली. ब्रह्माच्या शोधात घर सोडलेल्या मुलाला मिळालेला हा पहिला पाठ! हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती दोन्ही मला गांधीजींजवळ मिळाली, अशा अर्थाचे विनोबा पुढे सांगत.

भगिनींनो, मला ही भाजीची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जे काम आपण रोज उठून करतो आणि ज्याला कुणी काम म्हणत नाही, ते तेथे साधना म्हणून मोजले गेले. आश्रमात दळण, स्वयंपाक, संडाससफाई ही सगळी कामे विनोबांनी केली. १९१७ साली वर्षभराची रजा घेऊन ते वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ शिकायला आले. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांना जमवून दुसऱ्यांची दळणे दळली आणि मिळालेल्या पैशांतून वाचनालय चालवले. जात्यावर बसून पुस्तके जमवणारे पुरुष इतिहासात फार सापडणार नाहीत. आपल्या जनाबाईला जात्यावर देव भेटला होता, हे मात्र आपण सातशे वर्षे जाणून आहोत.

आता मुद्द्याचे सांगते. हे दोघे निघाले, पण त्यांच्या मागे घरे होती. काकासाहेब हिमालयात गेले तेव्हा त्यांचे लग्न झालेले होते. त्यांचे दोन मुलगे, सतीश आणि बाळ, १९३० च्या दांडीयात्रेत चालले, तेव्हा ते विशीच्या आसपास होते. म्हणजे वडील बदरी-केदारच्या वाटेवर होते तेव्हा ही मुले तान्ह्या वयाची असणार. ती कुणी वाढवली? ज्या घरातला कर्ता पुरुष देवाच्या शोधात जातो, त्या घरात दूध, औषध आणि भाडे यांचा शोध बाईला घ्यावा लागतो. प्रवासवर्णनात हा प्रवास येत नाही.

विनोबांची आई रुक्मिणीबाई. शिक्षण बेताचे, पण भक्ती अपार. एकदा तिने देवाला लाख तांदूळ वाहण्याचा नेम धरला आणि एकेक दाणा मोजून वाहू लागली. नरहरराव हिशेबी गृहस्थ. तोळाभर तांदूळ मोजून त्यावरून लाखाचे वजन काढ, असे त्यांनी सुचवले. तिने संध्याकाळी विनोबांना विचारले. ते म्हणाले की हे गणित नव्हे, प्रत्येक दाण्याबरोबर देवाची आठवण होते. तिला ते पटले आणि ती मोजीतच राहिली. मुलाच्या वैराग्याचे तिला कौतुक होते. पण एकदा तिने त्याला सुनावले होते की तू वैराग्याचे खेळ पुष्कळ करतोस, मी पुरुष असते तर खरे वैराग्य कसे असते ते दाखवले असते.

हे बोलणे विनोबांनीच पुढे जगाला सांगितले, म्हणून आपल्याला कळले. किती आयांनी हे मनात म्हटले असेल आणि ते कुणीच ऐकले नसेल! रुक्मिणीबाईंना हिमालयाची ओढ नव्हती असे नाही. त्यांना सुरतेला उतरायची सोय नव्हती, एवढेच.

१९१८ च्या साथीत रुक्मिणीबाई आजारी पडल्या. विनोबा सेवेला आले होते. २४ ऑक्टोबर १९१८ रोजी त्या वारल्या. अंत्यविधी भटजीकडून न करता आपल्या हाताने करू द्यावा, असे विनोबांचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही, म्हणून ते स्मशानात गेले नाहीत. घरीच वेद उघडून बसले. आईचे एक लुगडे मात्र त्यांनी पुष्कळ दिवस उशाशी ठेवले.

या आईचे एक मागणे राहून गेले होते. ती गीतेवरचे प्रवचन ऐकायला जाई, पण तिला ते नीट समजत नसे. विनोबांनी गीतेचे पद्य भाषांतर आणून दिले, तेही कठीण गेले. तेव्हा ती म्हणाली की तूच का करीत नाहीस? विनोबांनी १९३०-३१ साली सोप्या मराठीत गीता पद्यात उतरवली आणि नाव ठेवले 'गीताई'. ती १९३२ साली छापून निघाली आणि तिच्या लाखो प्रती घरोघर गेल्या. ज्या पुस्तकाने मराठी बायांना गीता दिली, ते मागणारी बाई स्वतः कमी शिकलेली होती. मी सातवीपर्यंत शिकले आहे. मला याचा फार आधार वाटतो.

आणखी एक तारीख लक्षात ठेवावी. २५ मार्च १९५९. विनोबा घरून निघाले त्याच दिवशी, त्रेचाळीस वर्षांनी, वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीच्या काठी त्यांनी 'ब्रह्मविद्या मंदिर' स्थापले. ते स्त्रियांसाठी. स्त्रियांनी एकत्र राहावे, शेती आणि छापखान्यासारखे श्रम करून जगावे, अभ्यास आणि साधना करावी, आणि निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यावेत, अशी त्याची रचना. आईचे ते बोलणे मुलाने विसरले नव्हते, असेच मला ती तारीख वाचून वाटते.

'घर हाच बाईचा हिमालय' असे पुष्कळजण म्हणतात. हे वाक्य गोड आहे, पण जपून घ्यावे. संसारात राहून देव भेटतो, यात शंका नाही. आपल्या शेजारच्या देहूचे तुकोबा कुठल्या हिमालयात गेले? भंडाऱ्याच्या डोंगरावर बसले, आणि बाबाजी चैतन्यांनी त्यांना उपदेश दिला तो स्वप्नात. पण त्या डोंगरावर भाकरी घेऊन जाणारी जिजाई होती, असे परंपरा सांगते. ती रागावली म्हणून कीर्तनात तिला हसतात. दुष्काळ पाहिलेल्या घरात भाकरी रोज कुठून येत होती, हे हसणाऱ्यांनी विचारावे. आणि बाईला गुरू होण्याची योग्यता नाही असे कुणी म्हटले, तर त्याला आळंदीची वाट दाखवावी. तेथे योगी चांगदेवाने कोवळ्या वयाच्या मुक्ताबाईला गुरू मानले, ही आपली परंपरा आहे.

म्हणून या इतिहासातून मी एवढेच घेते. हिमालयात गेलेली ही माणसे परत आली आणि भाजी चिरणे, दळणे, शिकवणे यांतच त्यांनी देव पाहिला. तेव्हा आपले रोजचे काम हलके नाही. पण ते काम देवाचे असेल, तर ते घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यावे, आणि आपल्यालाही वाचायला, बसायला, जमल्यास बदरी-केदारला जाऊन यायला वेळ मिळावा. माझी सूचना अशी की या वर्षापासून मंडळात दर गुरुवारी दुपारी तासभर गीताईचा एकेक अध्याय सर्वांनी मिळून वाचावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐकावे आणि शंका विचाराव्यात. त्या तासात घरचा चहा ज्याला हवा असेल त्याने स्वतः करून घ्यावा.