कंपनी हेच सरकार होते तेव्हा : तंजावरच्या मोहरबंद वाड्याची गोष्ट

1856 साली ईस्ट इंडिया कंपनीचा आयुक्त फोर्ब्स लष्करी तुकडी घेऊन तंजावरच्या राजवाड्यात शिरला. आदल्या वर्षी, 29 ऑक्टोबर 1855 रोजी, भोसले घराण्याचे राजे दुसरे शिवाजी यांचे निधन झाले होते. त्यांना पुत्र नव्हता, म्हणून राज्य खालसा झाले असे कंपनीने ठरविले. खरे तर राज्य असे फारसे उरलेच नव्हते. 1799 च्या तहाने मुलखाचा कारभार आधीच कंपनीकडे गेला होता. पण या वेळी कंपनी राज्यावर थांबली नाही. राजांच्या खासगी मालमत्तेवरही मोहरा लागल्या आणि दारांवर पहारे बसले.

या वाड्यात रत्ने आणि शस्त्रे होती, तसे कागदही होते. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द 1798 ते 1832) यांनी वाढविलेला सरस्वती महाल हा ग्रंथसंग्रह याच वाड्यातला. संस्कृत, तमिळ, मराठी व तेलुगू हस्तलिखितांइतकीच महत्त्वाची होती दरबारची मोडी कागदपत्रे : कोणाला किती वेतन मिळाले, अन्नछत्रात किती खर्च झाला, कोणाला काय दिले, याच्या नोंदी. सरफोजींना वैद्यकाची, विशेषतः नेत्रचिकित्सेची, मोठी आवड होती. त्यांच्या काळात नेत्ररुग्णांची जी पत्रके लिहिली गेली, ती आजही तंजावरात जपलेली आहेत. आजच्या भाषेत त्यांना केसपेपर म्हणावे. रुग्णाची तक्रार, दिलेले उपचार आणि सोबत त्याच्या डोळ्यांची रंगीत चित्रे, असे त्यांचे स्वरूप. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील डॉक्टरांनी त्यांचा अभ्यास करून भारतीय वैद्यकाच्या इतिहासातील त्यांचे स्थान दाखवून दिले आहे.

म्हणजे 1856 साली त्या वाड्यात जे होते, त्याला आज आपण ‘वैयक्तिक विदा’ म्हणू : वेतन, मदत, आजार. ज्यांच्याविषयी हे लिहिले होते, त्यांचा या कागदांवर कसलाच अधिकार नव्हता. कागद राजाच्या विश्वासावर सुरक्षित होते. आणि तो विश्वास राजाबरोबरच संपला.

ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीविरुद्ध दावा लावला आणि तो जिंकला. कंपनीने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे धाव घेतली. मधल्या काळात, 1858 साली, कंपनीचा कारभार इंग्लंडच्या राणीच्या सरकारकडे गेला आणि खटल्यात कंपनीच्या जागी भारतमंत्री आले. मालक बदलला, ताबा तसाच राहिला. आज एखादी कंपनी दुसरीने विकत घेतली की ग्राहकांची माहिती निमूटपणे नव्या मालकाकडे जाते, त्याचीच ही जुनी आवृत्ती.

जुलै 1859 मध्ये लॉर्ड किंग्सडाउन यांनी निकाल दिला. कंपनीला या मालमत्तेवर कोणता कायदेशीर हक्क होता हे कागदपत्रांतून शोधणे अत्यंत कठीण आहे, हे त्यांनी मान्य केले. तरीही राणी हरल्या. कारण ही कृती सार्वभौम सत्तेची होती, ‘राज्यकृत्य’ होती, आणि राज्यकृत्य न्याय्य की अन्याय्य हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने म्हटले. अन्याय झाला असेल, पण तो विचारण्याची जागा न्यायालय नव्हे. पुढे 1862 साली सरकारने स्थावर मालमत्ता वारसांकडे सोडली. परंतु हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून.

हा खटला मालमत्तेचा होता, खासगीपणाचा नव्हे. पण त्यातून पुढे आलेला प्रश्न आजही तोच आहे : सत्तेने दार उघडले तर ‘का?’ असे विचारता येईल अशी एखादी जागा नागरिकाकडे आहे का? तंजावरात कंपनी आणि सरकार ही एकच व्यक्ती होती, म्हणून त्या प्रश्नाचे रूप तेथे विशेष स्पष्ट दिसते.

स्वतंत्र भारताच्या संविधानात खासगीपणाचा स्वतंत्र उल्लेख नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 आणि 1962 च्या दोन निकालांचा आधार घेऊन, खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असा युक्तिवाद केंद्र सरकार आधारच्या खटल्यात करीत होते. 24 ऑगस्ट 2017 रोजी, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने तो युक्तिवाद फेटाळला. सरकारला नागरिकाच्या खासगी आयुष्यात शिरायचे असेल तर त्यासाठी कायदा हवा, उद्देश वैध हवा आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा. 2018 च्या आधार निकालाने खासगी कंपन्यांना आधार क्रमांकाचा वापर करू देणारी तरतूद अवैध ठरविली. आणि 27 ऑक्टोबर 2021 रोजी पेगॅसस हेरगिरी प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हे शब्द नुसते उच्चारल्याने सरकारची चौकशीतून सुटका होत नाही. 1859 चे उत्तर जणू 162 वर्षांनी उलटले.

ते पुरते उलटले आहे का, हे मात्र नव्या कायद्यावरून ठरेल. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याला 11 ऑगस्ट 2023 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, संमती परत घेता यावी, आणि कुचराई करणाऱ्या संस्थेला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड व्हावा, ही त्याची जमेची बाजू. पण कलम 17 नुसार केंद्र सरकार सार्वभौमत्व, सुरक्षा वा सार्वजनिक सुव्यवस्था यांच्या कारणाने आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचनेद्वारे कायद्यातून वगळू शकते. दाद मागण्यासाठी जे विदा संरक्षण मंडळ आहे, त्याच्या सदस्यांची नेमणूकही केंद्र सरकारच करते. कंपन्यांसाठी दार पक्के झाले. सरकारसाठी त्याच दाराची एक किल्ली सरकारच्याच हाती राहिली.

हा विषय केवळ कायदेपंडितांचा नाही. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर सायबरहल्ला झाला आणि नोंदणीचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले. रुग्णाच्या नोंदी किती दूरवर पसरू शकतात आणि किती क्षणात हातून जाऊ शकतात, हे त्या वेळी दिसले. दुसरीकडे, याच कायद्याने संशोधन व अभिलेखनाला मानकांच्या अटीवर सवलत दिली आहे, आणि ती आवश्यकही आहे. तंजावरची नेत्रपत्रके कोणी जपली नसती, तर आपल्या वैद्यकाचे एक पान कोरे राहिले असते. नोंद ठेवणे हा दोष नव्हे. नोंद कोणी, कशासाठी, किती काळ वापरावी याला बंधन नसणे हा दोष.

1918 साली सरस्वती महाल सर्वांसाठी खुला झाला; मोहरबंद वाड्यातील संग्रह अखेर लोकांचा झाला. त्या पत्रकांवरचे रंगविलेले डोळे आज अभ्यासक पाहू शकतात. त्या रुग्णांना कोणी विचारले नव्हते, आणि दोनशे वर्षांनंतर त्याने त्यांचे काही बिघडतही नाही. आजच्या रुग्णाचा केसपेपर मात्र तो हयात असतानाच विमा कंपनीपर्यंत, मालकापर्यंत, पोलिसांपर्यंत पोहोचू शकतो. राणी कामाक्षीबाईंना नाकारलेला अधिकार त्याच्याकडे असला पाहिजे : दार कोणी उघडले, हे न्यायालयात विचारण्याचा, आणि उत्तर मिळविण्याचा.