डबीतला कागद आणि डासाची अळी

प्रयोग बिघडला की आपण नमुने तपासतो. डबीत अंथरलेल्या कागदाकडे कोण बघतं?

१९६०च्या दशकात प्रागचे कारेल स्लामा आपले लाल ढेकूणवर्गीय कीटक घेऊन हार्वर्डला कॅरोल विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेत आले. तिथे पिल्लं प्रौढ होईचनात. कात टाकून पुन्हा मोठी पिल्लंच व्हायची आणि मरायची. दोषी निघाला अमेरिकी कागद! तो बाल्सम फर झाडापासून बनलेला, आणि त्या लाकडात कीटकांच्या बाल-संप्रेरकासारखं रसायन होतं. हे संप्रेरक अंगात टिकलं, तर कीटक मोठा होत नाही.

याच कल्पनेवर पुढे मेथोप्रीन बनलं. अमेरिकेत १९७५ साली त्याची नोंदणी झाली. ते डासांच्या पाण्यात टाकतात. आता गंमत बघा: अळी लगेच मरत नाही. खाते, पोहते, कोशात जाते. पण डास बाहेर पडत नाही. म्हणजे २४ तासांनी मेलेल्या अळ्या मोजल्यात, तर तुमचा निष्कर्ष येणार, 'परिणाम नाही'.

त्याच पाण्यात कायरोनोमिड, म्हणजे डासासारख्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या अळ्याही असतात. मिनेसोटातल्या पाणथळींत मेथोप्रीन टाकल्यावर पहिल्या वर्षी फारसा फरक दिसला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अशा कीटकांची संख्या घटली. अभ्यास वर्षभरातच आटोपला असता तर?

म्हणून आराखडा लिहिताना आधी ठरवा: काय मोजणार आणि किती काळ? अळी जगली का, एवढंच नको. तिला पंख फुटले का, तेही मोजा. आणि हो, डबीतला कागद कुठला, तेही वहीत लिहून ठेवा.