काडतुसातले काड आणि तूस

भातगिरणीमागे भरडणीनंतर साचणाऱ्या ढिगाला तूस म्हणतात, हे पेणच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण 'गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त' ही बातमी वाचताना त्या शब्दाच्या शेपटाला हेच तूस लागले आहे, हे माझ्या डोक्यात बरीच वर्षे आले नव्हते. एकदा आले आणि मग जाईना. आधी काड, मग तूस. दोन्ही खळ्यावरचे शब्द. दाणा काढून घेतल्यावर जे पोकळ उरते ते. आणि काडतूस म्हणजे तरी काय? एक नळी, आणि तिच्या पोटात दाणा.

कोशकार हे ऐकून हसतील, कारण त्यांचे उत्तर तयार आहे. शब्द पोर्तुगीज 'कार्तूशु'चा, त्यामागे इटालियन 'कार्तोच्चो', त्यामागे 'कार्ता' म्हणजे कागद. ते मला मान्यच आहे. माझे म्हणणे एवढेच की आलेल्या पाहुण्याला मराठी कानाने घरचे कपडे घातले.

कागद कुठून आला ते कळायला ठासणीची बंदूक डोळ्यांपुढे आणावी लागते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, तिच्यावर चिंधीचा नाहीतर काथ्याचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा बोळा, आणि सगळे गजाने ठासायचे. मागच्या बाजूच्या कानात थोडी दारू घातली की बार तयार. रानडुकराला एवढा वेळ थांबायची सवय नसते, शत्रूलाही नसते. म्हणून सतराव्या शतकात युरोपातल्या सैन्यांनी, त्यात स्वीडनचा राजा गुस्ताव अडोल्फ याचे नाव पुढे असते, एका बाराची मोजलेली दारू आणि गोळी कागदाच्या सुरळीत आधीच बांधून शिपायाच्या पट्ट्यात दिली. शिपाई टोक दाताने फाडायचा, दारू ओतायचा, गोळी लोटायचा. कागद बोळ्याच्या कामी यायचा. या दाताने फाडण्यावरूनच १८५७ साली मेरठला शिपायांचे बंड पेटले, हे सर्वांना माहीत आहे.

आता खरा वाद. हा शब्द मराठीत शिरला कोणत्या दाराने?

माझे लाडके दार कुंडलिकेच्या मुखाशी आहे. रोह्यावरून वाहत गेलेली ही नदी रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधून समुद्राला मिळते, आणि त्या दोन्ही काठांवर पोर्तुगीज किल्ले आहेत. १५०८ साली शेजारच्या चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सू द आल्मैदा मारला गेला, पुढच्या दशकांत रेवदंड्याची तटबंदी उभी राहिली, आणि १७४० पर्यंत फिरंगी तिथे होते. कोर्लईत आजही पोर्तुगीज वळणाची बोली घरात बोलली जाते. भरतीबरोबर गलबते रोहे-अष्टमीपर्यंत चढत. पाव, बटाटा, लिलाव, मेस्त्री हे शब्द फिरंग्यांच्या वस्तीतून आपल्याकडे आले, मग काडतूस त्याच पाण्याने रोह्याला का चढू नये?

याला प्रतिस्पर्धी आहे, आणि तगडा आहे. 'गारदी' हा शब्द घ्या. तो फ्रेंच 'गार्द'वरून आला. १७५१ साली फ्रेंच सेनानी ब्यूसी औरंगाबादेत पोचला, त्याच्या कवायती फौजेत इब्राहिमखान तयार झाला आणि पुढे त्याने पानिपतावर भाऊसाहेबांची गारदी पलटण लढवली. कवायती पायदळ म्हणजे तयार काडतुसे झटपट भरणारे पायदळ. तेव्हा नाव आले ते वस्तूबरोबर, फ्रेंच 'कार्तूश'वरून आणि देशावरून आले, असे कोणी म्हटले तर त्याला वेड्यात काढता येत नाही. इंग्रजीचा दावा मात्र एका वाक्यात संपतो: 'कार्ट्रिज'मधून आपल्या तोंडाने काहीतरी ज-कारान्त काढले असते.

फ्रेंच पक्षाच्या हातात आणखी एक पुरावा आहे, आणि तो मला छळतो. तो म्हणजे चावी. पोर्तुगीज 'शाव्ह' हा शब्द सोळाव्या शतकात 'च'ने उच्चारला जाई, म्हणून आपल्याकडे चावी झाली, शावी नाही. त्याच न्यायाने चौलच्या पहिल्या फिरंग्यांकडून आलेला शब्द 'काडतूच' व्हायला हवा होता. शेवटी स आहे, म्हणजे लिस्बनचा 'च' घासून 'श' झाल्यानंतरच तो आला. हा बदल सतराव्या-अठराव्या शतकातला. तेवढ्याने माझे दार बंद होत नाही, किलकिले होते: रेवदंड्याच्या शेवटच्या पिढीने 'कार्तूशु' म्हटले असणार. शिवाय पोर्तुगीज तोफांची दारूही कागदी-कापडी थैल्यांत भरत, त्यामुळे शब्दासाठी ब्यूसीच्या पायदळाची वाट पाहायची गरज नाही. रेवदंडा सुटला आणि ब्यूसी आला, यांत जेमतेम अकरा वर्षांचे अंतर. मी माझ्या खाडीच्या बाजूने मत देतो. पुरावा म्हणाल तर पारडे समसमान आहे.

आता पुन्हा काड आणि तुसाकडे. स वर मराठीचा हक्क नाही. हिंदी आणि गुजरातीतही तो 'कारतूस'च आहे. माझा दावा ड वर उभा आहे. शेजाऱ्यांनी र जपला, आपण त्याचा ड केला. का? र आणि त किंवा द एकत्र आले की मूर्धन्य वर्ण उपजतो, हे प्राकृताचे जुने वळण आहे, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतील: वर्त्मची वाट झाली, गर्दभाचा गाढव. खरे आहे. पण तिथे दोन वर्ण एकमेकांत विरघळले. इथे ड वेगळा उभा आहे आणि त जागच्या जागी. हे काम ध्वनिनियमाचे नाही, हे ओळखीचा शब्द ऐकू येण्याचे आहे. आणि लिंग पाहा. हिंदीत कारतूस पुल्लिंगी, फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, मराठीत ते काडतूस. ते काड, ते तूस.

इथे दोन दगड माझ्या वाटेत येतात. पिस्तूलसुद्धा नपुंसकलिंगीच आहे आणि त्यात कसलाही भुसा नाही. दुसरे, कोकणात भाताच्या ताटांना पेंढा म्हणतात. काड हा शब्द गव्हाबरोबर देशावर जास्त फिरतो. म्हणजे शब्दाला कपडे चढले ते कदाचित घाट चढल्यावर. काडी मात्र रोह्यातही काडीच आहे, तिच्यावर मी भागवतो.

वस्तूचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगण्यासारखे आहे. कागद गेला, पितळ आले. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून त्याच उद्योगात आहे. बारा बोअरच्या काडतुसाने तर कागदी नळी विसाव्या शतकातही बराच काळ सोडली नाही, मग प्लॅस्टिक आले. त्यातला बारा म्हणजे बाराचा बार नव्हे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या तर एकीचा व्यास भरतो साधारण साडेअठरा मिलिमीटर, तीच नळीची रुंदी. म्हणून सोळा बोअर बारापेक्षा अरुंद. छर्ऱ्यांचेही तसेच उलटे: क्रमांक मोठा तितका छर्रा बारीक. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने लगाम घातला, पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. भाताच्या राखणीसाठी बिनकाडतुसाची बंदूक!

आणि रोह्यात दसऱ्यानंतर धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, तिथे बंदूक देवाच्या दारी उभी असते. पोलिसांच्याच पंचनाम्यात माझ्या बाजूचा शेवटचा साक्षीदार सापडतो. बार झाल्यावर उरलेल्या रिकाम्या कवचाला ते 'पुंगळी' म्हणतात. पोर्तुगीज नाही, फ्रेंच नाही, हिंदीतला 'खोखा' नाही. नाकातली चमकी अडकवायची नळीही पुंगळी, कागदाची सुरळीही पुंगळी. दाणा उडून गेल्यावर उरलेल्या पोकळ वस्तूकडे पाहून ज्यांना हा शब्द सुचला, त्यांच्या आजे-पणज्यांना भरलेल्या नळीत काड आणि तूस ऐकू आले असेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.